भाडेपट्ट्यावरचं मैदान

भंडारा सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला आणि कारधा मागे पडलं, की थंडीच्या दिवसांत महामार्गाच्या कडेने धावणारी पोरं दिसायला लागतात. धुकं विरलेलं नसतं, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांत पाणी नसलं तरी ओल टिकून असते, आणि ट्रकच्या पिवळट उजेडात चार-पाच जणांचे घोळके एका लयीत पुढे सरकत असतात. मुलीही असतात. शेजारून एखादी दुचाकी सावकाश चाललेली असते आणि तिच्यावर मागे बसलेला गावातलाच कुणी दादा मोबाइलवर सेकंद मोजत असतो. ही धाव हौसेची नव्हे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, वर शंभर मीटर आणि गोळाफेक. या ५० गुणांवर घरादाराचं पुढचं आयुष्य टांगलेलं असतं. आमच्या कोल्हापुरातही भरतीची पोरं धावतात, पण तिथे तालमी आहेत, पेठांचे फुटबॉल संघ आहेत, धावण्यापलीकडे नाव कमवायच्या दहा वाटा आहेत. इथे रस्ता हेच मैदान, आणि त्याच्या टोकाला सरकारी नोकरी. या जिल्ह्यात मी शोधत होतो ते खेळाच्या बाबतीतल्या एका प्रश्नाचं उत्तर, आणि या धावणाऱ्या पोरांनी त्याचं निम्मं उत्तर पहिल्या वीस किलोमीटरांतच दिलं, असं आता वाटतं. बाहेरून येऊन एखाद्या मुलखात राहिलेला समाज कुठला खेळ खेळतो, हे त्याच्या परंपरेवरून किंवा आवडीवरून ठरतं असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. माझ्या मते ते जमिनीवरून आणि कागदावरून ठरतं. पायाखालची जमीन नातवाच्या काळातही आपलीच असेल याची खात्री असलेला माणूस एक खेळ खेळतो. ती खात्री नसलेला दुसरा.

हा प्रश्न भंडाऱ्यातच का विचारायचा, असं कुणी म्हणेल. कारण वैनगंगेचं हे खोरं बाहेरून आलेल्यांनीच मोठ्या प्रमाणावर घडवलेलं आहे. लाखनी ओलांडून साकोलीकडे जाताना दर दोन-चार मैलांवर तलाव लागतो. पाळीवर मोहाची किंवा अर्जुनाची जुनी झाडं, पाण्यात शिंगाड्याची वेल, काठावर ढिवरांची जाळी सुकत घातलेली. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. बांधलेले आहेत, आणि त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. या समाजाचे पूर्वज बनारसकडून आले, चांद्याच्या गोंड राजाने त्यांना आणलं, अशी त्यांची आठवण आहे. पोवार माळव्यातून, धारकडून आले. आधी रामटेकजवळ नगरधनला राहिले, नंतर भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत लढले आणि त्याच्या मोबदल्यात वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळवून बसले. घरात ते आजही पोवारी बोलतात. पण साकोलीच्या चौकातल्या टपरीवर आलुबोंडा आणि तर्री खाताना शेजारचा माणूस कुणबी, पोवार की कोहळी हे परक्याला ओळखता येत नाही. सगळेच वाक्याच्या शेवटी ‘जी’ लावतात, अनोळखी माणसाला आधी ‘बसा ना जी’ म्हणतात आणि काम काय ते मागाहून विचारतात. कोल्हापूरच्या ‘काय भावा’मध्ये सलगी जास्त, इथल्या ‘जी’मध्ये अदब जास्त. हे खेळाशी संबंधित नाही असं वाटेल, पण पुढे बैलांच्या पटाच्या गर्दीत हीच अदब कामाला येते.

थंडी पडली, धान मळून घरात आलं, की या पट्ट्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीशी त्यांची गल्लत करू नये. खेड-मावळकडे गाडा घाट चढतो आणि त्यावर हाकणारा नसतो. इथे जमीन सपाट, धाव सरळ, आणि नावापुरत्या हलक्या छकड्यावर धुरकरी दबा धरल्यागत बसलेला. जवळून पाहिलं की त्याच्या शरीराचं कसब लक्षात येतं. गुडघे छातीशी, एक हात कासऱ्यावर, बूड छकड्याला जेमतेम टेकलेलं. बैल सुटले की सगळा तोल पायाच्या चवड्यांवर येतो. दोन बैलांच्या वेगात तसूभर फरक पडला तरी छकडा तिरका होतो, आणि तो फरक धुरकऱ्याला डोळ्यांनी दिसायच्या आधी कासऱ्यातून कळावा लागतो. कुठे जोडीला जोड सोडतात, कुठे घड्याळावर सेकंद मोजतात. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, आणि ती भिंत नेमकी किती आत सरकली तर चालेल हे सांगायला पोलीस लागत नाहीत. ‘मागं सरा ना जी’ एवढं पुरतं. ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक जोडीची ओळख होते ती मालकाच्या आणि गावाच्या नावाने. बैलांची नावं असतात, धुरकऱ्याचंही नाव पंचक्रोशीला माहीत असतं, पण पुकारा होतो तो अमक्या गावच्या अमक्याची जोडी असाच.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा पुकारा. पटाचं बक्षीस खुराकाच्या खर्चापुढे बहुतेकदा किरकोळ ठरतं. जोडी पोसायची म्हणजे नांगराला न जुंपता बैलांना वर्षभर चारायचं, सकाळ-संध्याकाळ माणूस त्यांच्यामागे ठेवायचा. हिशेबाने पाहिलं तर हा शुद्ध आतबट्ट्याचा धंदा. तरीही तो चालतो, कारण त्यातून जो नावलौकिक मिळतो तो पुढे कुठेतरी वटतो: सोयरिकीत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, उसाच्या किंवा धानाच्या व्यवहारात शब्दाला मिळणाऱ्या वजनात. हा लौकिक वटायला वेळ लागतो, कधी एक पिढी. म्हणून त्यात पैसा घालतो तो इथेच राहणार हे पक्कं ठाऊक असलेला माणूस. माळव्यातून आलेल्या पोवाराची आणि बनारसकडून आलेल्या कोहळ्याची जोडी आज कुणब्याच्या जोडीशेजारी उभी राहते ती त्यांनी इथली परंपरा उचलली म्हणून, हे खरं. पण ती त्यांना उचलता आली, कारण त्यांच्याकडे बांधी होती, तलावाचं पाणी होतं, तणीस होतं, गोठा होता, आणि ते सगळं आपल्याच वंशाकडे राहील हा भरवसा होता.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला असा, की शंकरपट हा खेळच नव्हे. धावतात बैल, श्रेय घेतात माणसं, आणि वर मुक्या जनावरांचे हाल. हालांचा मुद्दा खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. पराणी आणि शेपूट पिळणं यांनी कितीतरी पट बदनाम केलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या कायद्यांवर शिक्कामोर्तब केलं. या साडेसात वर्षांच्या बंदीकडे मी वेगळ्या कारणाने पाहतो. एवढा काळ बंद पडलेला खेळ परवानगी मिळाल्याबरोबर गावोगाव उभा राहिला. जोड्या कशासाठी सांभाळून ठेवल्या होत्या? वाट पाहायची तयारी जमीनमालकाकडेच असते. भाडेकरू इतका काळ थांबत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. जमिनीवरूनच खेळ ठरत असेल तर इथल्याच भूमिहीनांचं काय? ढिवराची, मजुराची जोडी पटात किती दिसते? फारशी दिसत नाही, हे मान्य करायलाच हवं. पट हा बांधीवाल्यांचा खेळ आहे; बाकीचे बघे, हमाल, फार तर धुरकरी. पण या आक्षेपाने माझं म्हणणं ढासळत नाही, पक्कंच होतं. बांधी नसलेल्या घरातली पोरं पहाटे महामार्गावर धावत असतात. त्यांच्याकडे जमीन नाही, पण दुसरा कागद आहे: अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, मतदार यादीतलं नाव. त्या जोरावर ती १६०० मीटर धावून खाकी वर्दी मिळवू शकतात. एकाचा खेळ सात-बाऱ्यावर उभा आहे, दुसऱ्याचा दाखल्यांवर. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, असा एक समाज या खोऱ्यातच आहे.

पटाच्या दिवशी रात्री त्याच गावात नाटक असतं, वडशाच्या कंपन्यांचं, पहाटेपर्यंत चालणारं. झाडीपट्टीच्या या रंगभूमीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच जणांना हा मुलूख नकाशात शोधावा लागला असेल. पटाला आलेले पाहुणे घरोघरी उतरतात. त्यांना तलावातल्या मासळीचं कालवण आणि नव्या तांदळाचा भात वाढतात, आणि घरात चिन्नोर असला तर त्याचा वास अंगणापर्यंत येतो. आमच्याकडे पाहुण्याला तांबडा-पांढरा पाजून त्याचा घाम काढण्यात पाहुणचार मानतात. इथे तिखट बेताचं, भात मात्र मुबलक, आणि आग्रह हळू आवाजात. या सगळ्याला मी पटापासून वेगळं काढत नाही. बैल, नाटक, सोयरीक आणि भात यांची ही एकच मोट आहे, आणि ती बांधलेली आहे ती गावाच्या शिवाराला.

साकोलीहून महामार्ग सोडून नवेगावबांधकडे वळलं की चुलबंद नदी लागते आणि हळूहळू जंगल जवळ येतं. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा हा सगळा भाग भंडाऱ्यातून गेला. पण माती, बोली आणि तलाव तेच राहिले. नवेगावचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळ्याच्या नावाने सांगितला जातो. मारुती चितमपल्लींनी या पाण्याकाठी काढलेली वर्षं मराठी वाचकाला ठाऊक आहेतच, त्यावर मी काही बोलत नाही. पुढे अर्जुनी मोरगावकडे अरुणनगर, गौरनगर अशी नावं असलेली गावं येतात. ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. तळ्यातली मासळी, भाजीचे वाफे, अंगणात तुळशीशेजारी शंख वाजवणाऱ्या बायका, आणि तरीही ग्रामपंचायतीचा फलक मराठीत. तेही निर्वासित म्हणूनच आले, पण नागरिक झाले. आणखी पुढे गोठणगाव, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आणि दर्ग्यासाठी प्रसिद्ध असलेला प्रतापगड, आणि त्याच्या परिसरात नोर्गेलिंग ही १९७२ साली वसवलेली तिबेटी वसाहत. जिल्हा बदलून पाव शतक उलटलं, तरी धरमशालेतल्या निर्वासित प्रशासनाच्या लेखी ही वसाहत अजून ‘भंडारा’च आहे.

शंकरपटाच्या हंगामात इथे आलं की वस्ती अर्धी रिकामी असते. दारांना कुलपं, पताकांच्या रंगीत ओळी वाऱ्यावर फडफडणाऱ्या, प्रार्थनाचक्राजवळ जपमाळ ओढत बसलेली म्हातारी माणसं, आणि त्यांच्या भोवती खेळणारी नातवंडं. कर्ते लोक शहरांच्या फुटपाथांवर स्वेटर विकत असतात. नागपूरकरांना हिवाळ्याची चाहूल लागते ती त्यांच्या दुकानांवरूनच. वर्षाची रोकड याच तीन-चार महिन्यांत मिळते; भाडेपट्ट्याच्या कोरडवाहू तुकड्यांवर भागत नाही. म्हातारीने पुढे केलेला लोणी-मिठाचा चहा मराठी जिभेला पहिल्या घोटाला चहा वाटत नाही, सूप समजून प्यायलं तर बरा लागतो. ती बोलते हिंदीत, पण ‘हाव’ आणि ‘जी’ इथलेच. पन्नास वर्षांच्या शेजाराने एवढं दिलं आहे. ६ जुलैला दलाई लामांच्या वाढदिवसाला गोठणगावची माणसं वसाहतीत जेवायला येतात; शेजारधर्मात कुठे उणं नाही. पण दोघांचं पंचांग जुळत नाही. झाडीपट्टी जेव्हा खेळते तेव्हा तिबेटी माणूस विकत असतो. लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, सुमाराला तो घरी परततो तोवर पट उरकत आलेले असतात. आणि मैदान? ते आहे. दोन गोलांचे खांब, मध्ये चरणारी वासरं.

तिबेटी वस्त्यांमध्ये खेळ म्हणजे फुटबॉल. यावर सहज सुचणारं उत्तर असं, की फुटबॉल त्यांची आवड आहे, परंपरा आहे, त्यात जमिनीचा काय संबंध. परंपरा तपासून पाहिली तर हे उत्तर टिकत नाही. तिबेटचे पिढीजात खेळ म्हणजे घोड्यांच्या शर्यती, तिरंदाजी, कुस्ती. फुटबॉल ल्हासात आणला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी, १९३०च्या दशकात तिथे काही संघही खेळत होते, आणि पुढच्याच दशकात धर्मसत्तेने त्यावर बंदी घातली. म्हणजे निर्वासितांनी भारतात येऊन जो खेळ आपला मानला तो त्यांच्या देशाने नाकारलेला होता, आणि जो त्यांचा होता तो मागे राहिला. घोड्यांच्या शर्यतीला कुरणं लागतात, वंशावळीचे घोडे लागतात, म्हणजे पुन्हा पटासारखीच जमीन आणि पिढ्यांचा भरवसा. फुटबॉलला चेंडू पुरतो, आणि वस्ती हलली तर तो पिशवीत घालून नेता येतो. दलाई लामांच्या मातोश्रींचं निधन १९८१ मध्ये झालं आणि त्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ ग्याल्युम चेन्मो सुवर्णचषक सुरू झाला. बायलकुप्पे, मुंडगोड, धरमशाला अशा दूरदूरच्या वस्त्यांचे संघ त्यात खेळतात. पटाचा पुकारा शेजारच्या गावाला ऐकवायचा असतो. या चषकाचा पुकारा हजार मैलांवरच्या वस्तीला. नोर्गेलिंगसारख्या हजारभर माणसांच्या वसाहतीतल्या मुलाला आपण एका मोठ्या समाजाचे आहोत हे दाखवणारं असं ठिकाण गोठणगावच्या शिवारात कुठून मिळणार?

कोल्हापूरकर म्हणून मला स्वतःलाच इथे एक अडचण दिसते. फुटबॉल आमच्याकडेही बाहेरूनच आला. आज पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. परका खेळ तिथे इतका मुरला, मग इथे तो वसाहतीबाहेर का मुरला नाही? गोठणगावची, अरुणनगरची पोरं त्या मैदानावर का धावत नाहीत? माझं उत्तर असं, की कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी उचलला, आणि तालीम म्हणजे पेठेची जागा, पेठेची वर्गणी, पेठेचं भांडण. खेळ नवा होता, मालकी जुनी होती. नोर्गेलिंगमध्ये हे उलट आहे. २०१४ च्या केंद्रीय तिबेटी पुनर्वसन धोरणाने वस्त्यांच्या जमिनींना २० वर्षांचा भाडेपट्टा ठरवून दिला, आणि तीही सुधारणाच होती, कारण आधी राज्याराज्यांत एकसारखं काही नव्हतं. वीस वर्षं म्हणजे एका खेळाडूची उमेद. तेवढ्या काळात संघ बांधता येतो, पेठ बांधता येत नाही.

पण यात क्रीडायश कुठे आहे, असा प्रश्न रास्त आहे. हिशेब मांडला तर तिबेटच्या निर्वासित संघाच्या वाट्याला बहुतेक हारच आली आहे. ३० जून २००१ रोजी कोपनहेगनला तो ग्रीनलँडविरुद्ध खेळला आणि ४-१ असा हरला. सामना होऊ नये म्हणून चीनने दबाव आणला होता. खेळाडूंकडे कुठल्याही देशाचं पारपत्र नव्हतं. भारत सरकारने दिलेल्या पिवळ्या ओळखपुस्तिकेवर ते युरोपात उतरले. २०१८ मध्ये लंडनला, फिफाने न मानलेल्या संघांच्या स्पर्धेत ते पुन्हा हरले. २०१७ मध्ये महिला संघाला डॅलसच्या स्पर्धेसाठी अमेरिकेचा व्हिसाच नाकारला गेला, म्हणजे हरण्याचीही संधी नाही. तरीही मी याला यशच म्हणेन, आणि भावनेच्या भरात नव्हे. पटात जिंकलेल्या जोडीचं यश तिच्या मालकाला आधीच मिळालेल्या प्रतिष्ठेत भर घालतं. या संघाला मैदानावर अकरा जण उतरवण्यासाठी जे करावं लागतं, ते इतर संघांचं सरकार करून देतं. तो खर्च हिशेबात धरायचा नाही आणि गोल तेवढे मोजायचे, हा मोजणाऱ्याचा आळस आहे.

बाहेरच्या जगात याला जोड शोधायची तर ग्रीसमधून अमेरिकेत गेलेल्यांकडे पाहावं. त्यांचं स्वागत कसं झालं? १९०९ मध्ये साउथ ओमाहा गावात जमावाने ग्रीकांची वस्ती जाळून त्यांना पिटाळून लावलं. १९२४ च्या कायद्याने ग्रीसहून येणाऱ्यांचा वार्षिक कोटा शंभरावर आणला. आणि तरीही १९३०च्या दशकात अमेरिकेचा सर्वांत लोकप्रिय पैलवान होता अर्गोसजवळच्या खेड्यातून पळून आलेला जिम लोंडॉस. पुढच्या पिढीत मॅसॅच्युसेट्सच्या लिन गावचा हॅरी अगानिस, त्यानंतर १४ ग्रँड स्लॅम जिंकणारा पीट सॅम्प्रास, ज्याची आई ग्रीसहून आलेली. याचं श्रेय ग्रीक रक्ताला देणारे लोक आहेत, ऑलिंपियाशी धागा जोडणारे. मला त्यात तथ्य दिसत नाही, कारण त्याच ग्रीसने याच्या नेमकं उलट उदाहरण दिलेलं आहे. यानिस आंतेतोकुम्पो १९९४ मध्ये अथेन्सलाच जन्मला, तिथेच बास्केटबॉल शिकला, पण आईबाप नायजेरियाचे म्हणून अठरा वर्षांचा होईपर्यंत कुठल्याच देशाचा नव्हता. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संघांनी त्याच्यावर डोळा ठेवला तेव्हा घाईघाईने त्याला ग्रीक नागरिकत्व मिळालं. तिथल्या लीगच्या २०२१ च्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण केले आणि अख्खा ग्रीस त्याला आपला म्हणू लागला. अंगातला खेळ तोच होता, कागद तेवढा नंतर आला. लिन गावातल्या ग्रीक पोराला तो जन्मतःच मिळाला होता.

शेवटचा आक्षेप तिबेट्यांच्या बाजूनेच येतो. भारतीय कायद्याचं दार बंद नाही. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला कुणीही जन्माने नागरिक आहे. न्यायालयांनी ते तिबेट्यांच्या बाबतीत मान्य केलं आहे आणि २०१४ पासून त्यांच्यातले काही मतदानही करतात. नोर्गेलिंगमध्ये पहिल्या दहा-पंधरा वर्षांत जन्मलेले सगळे यात बसतात, त्यांची मुलंही बसू शकतात. मग ती नागरिकत्व का घेत नाहीत? पुष्कळ जण मुद्दामच घेत नाहीत, कारण परत जायची आशा निर्वासितपणातच शिल्लक आहे असं त्यांना वाटतं. या निर्णयाबद्दल मला आदर आहे. पण तो पूर्ण मोकळेपणाने घेतलेला निर्णय आहे, असं मात्र म्हणवत नाही. २०१७ मध्ये पारपत्राला अटी जोडल्या गेल्या: नोंदणीपत्र परत करा, तिबेटी वस्तीत राहू नका, तिथल्या सवलती सोडा. आणि २००८ पासूनच्या सरकारी धोरणानुसार भारताकडून खेळायला भारतीय पारपत्र लागतं. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचा. नोर्गेलिंगच्या मैदानावर तयार झालेल्या मुलाला भारताचा सदरा घालायचा असेल तर आधी ते मैदान सोडावं लागेल. १९६२ मध्ये उभारलेल्या आणि १९७१ च्या युद्धात लढलेल्या विशेष सीमा दलात तिबेटी जवान या देशासाठी लढले, तेव्हा त्यांच्याकडून वस्ती सोडल्याचा पुरावा कुणी मागितला नव्हता.

मुलं मैदान सोडतच आहेत, पण भारताच्या सदऱ्यासाठी नव्हे. १९९० च्या अमेरिकन कायद्याने भारत-नेपाळमधल्या एक हजार तिबेट्यांना व्हिसा दिला, त्यांच्या मागोमाग त्यांची कुटुंबं गेली, आणि आता न्यूयॉर्क, मिनेसोटा, टोरांटो इथे मोठ्या वस्त्या आहेत. २००९ च्या त्यांच्याच गणनेत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. तेव्हापासून आकडा उतरतोच आहे. नोर्गेलिंगच्या कुलूप लावलेल्या काही दारांमागची माणसं स्वेटर विकायला गेलेली नाहीत, ती परदेशी गेली आहेत आणि होळीला परतणार नाहीत. तिकडे जन्मणारं त्यांचं मूल शाळेच्या संघात खेळेल तेव्हा त्याला कुणी नोंदणीपत्र मागणार नाही. त्यातलं कुणी उद्या नाव काढलं तर त्याच्या चरित्रात आजोबांच्या गावाचा उल्लेख महाराष्ट्रातला भंडारा असा येईल, आणि इथले क्रीडामंत्री अभिनंदनाचा ठराव मांडतील. गोठणगावहून साकोलीला परतताना रस्त्यात संध्याकाळची पोरं धावताना दिसतात, सकाळसारखीच, घामाने भिजलेली. नोर्गेलिंगच्या फाट्यापाशीही दिसतात. वसाहतीतली पोरं त्यांच्यात नसतात. १६०० मीटर त्यांनाही जड जाणार नाहीत, पण अर्ज भरायला जो दाखला लागतो तो त्यांच्याकडे नाही.